केळ्यात खोचलेल्या सुया

डावा गुडघा बदलून घरी आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी सुनेच्या आईला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना फोन लावला आणि सांगितलं, की तुमच्या हातच्यासारखी भाकरी मी जन्मात खाल्ली नाही. बायको शेजारीच उभी होती. हातात ताट होतं आणि ताटात भाकरी.

मला या फोनमधलं एक अक्षरही आठवत नाही. मला हे फोन ठेवल्यावर बायकोनंच सांगितलं, आणि सांगता सांगता ती ताट परत स्वयंपाकघरात घेऊन गेली, त्यामुळं ते खरं असणार. पलीकडून विहीणबाई काय म्हणाल्या तेही तिनं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही आराम करा.’

दोष गोळीचा होता. ऑपरेशननंतर दुखणं दाबायला सर्जननी दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या होत्या. एक साधी, आपण डोकं दुखलं की घेतो तसली. दुसरी कडक. ‘ही अफूच्या कुळातली आहे,’ असं सर्जननी मला स्पष्ट सांगितलं होतं. ‘दुखणं जोरात आहे तोवर घ्यायची. मग मी सांगेन तशी उतरवत आणायची. मनानं वाढवायची नाही आणि मनानं एकदम बंदही करायची नाही.’ मी मान डोलावली. शुद्धीवर आल्यापासून मी सगळ्यांनाच मान डोलावत होतो. नर्सला, वॉर्डबॉयला, छताच्या पंख्याला.

गोळी घेतली की थोड्या वेळानं जग फार चांगलं वाटायला लागायचं. दारावर कुरिअरवाला आला तर मी त्याला आत बोलावून त्याच्या आईवडिलांची चौकशी करायचो. शेजाऱ्यांचा कुत्रा, ज्याच्याशी माझं अनेक वर्षं वाकडं आहे, त्याला मी खिडकीतून ‘बाळा’ म्हणून हाक मारली. कुत्र्यालाही ते विचित्र वाटलं असावं. तो त्या दिवशी भुंकलाच नाही.

आणि पोट. पोटाचं कामकाज तर साफ बंद पडलं. शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर असताना मी संप पाहिले आहेत, गेटवरच्या घोषणा ऐकल्या आहेत, पण माझ्या पोटाइतकं एकजुटीनं कुणी संपावर गेलेलं पाहिलं नाही. वाटाघाटीला इसबगोल पाठवला. पपई पाठवली. कोमट पाण्यात तूप पाठवलं. सगळे आत गेले आणि संपात सामील झाले. बायको बाथरूमच्या दाराबाहेरून विचारायची, ‘काही?’ मी आतून म्हणायचो, ‘चर्चा चालू आहे.’

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण खरी गोष्ट अशी, की आमच्या घरात गुडघे बदलायची गरज माझ्यापेक्षा तिला जास्त होती. माझा एकच गुडघा गेला होता, तिचे दोन्ही. गच्चीवरून उतरताना ती जिन्याकडं पाठ करून, कठडा धरून, एकेक पायरी उलटी उतरते. ओट्यापाशी उभी राहून स्वयंपाक करताना आधी एक पाय उचलून धरते, मग दुसरा, बगळ्यासारखी. सर्जननी तिला माझ्या आधीच सांगून ठेवलं होतं, करून टाका. ती मला म्हणाली, ‘आधी तुम्ही करा. तुमचं बघून ठरवते.’ जशी दुकानातून नव्या मसाल्याची लहान पुडी आणून आधी माझ्या आमटीत टाकून बघते, तसं. मी तिचा नमुना होतो. नमुना बिघडला, तर तिचं ऑपरेशन कायमचं राहणार होतं.

आणि नमुना बिघडत चालला होता. एकदा दुपारी तिनं मला समोर बसवलं.

‘तुम्ही सारखं कुठं बघता, ठाऊक आहे का?’

‘कुठं?’

‘घड्याळाकडं. गोळीची वेळ कधी होते म्हणून.’

‘मी वेळ पाळतो. शिस्त म्हणतात याला.’

‘शिस्त! जन्मात एका लग्नाला वेळेवर पोचला नाहीत. स्वतःच्या सुद्धा.’

मी हसलो. ती हसली नाही.

‘कापायची मला भीती नाही,’ ती म्हणाली. ‘मला ह्या गोळीची भीती आहे. दुखत नसलं तरी तुम्ही तिची वाट बघता. मी बोलते तेव्हा ऐकता, पण कान तिकडं असतो. असं होणार असेल तर माझे गुडघे आहेत तसेच राहू द्या. घर चालवायला कुणीतरी शुद्धीवर लागतं.’

यावर मला काहीतरी चांगलं, वजनदार बोलायचं होतं. पण बोलायच्या आधी माझी नजर घड्याळावर गेली. तिनं ती जाताना पाहिली. विषय संपला.

पुढच्या तपासणीला तिनंच सर्जनना सगळं सांगितलं. भाकरीपासून कुत्र्यापर्यंत. सर्जन गंभीर माणूस आहेत, पण कुत्र्यापाशी त्यांना खोकला आला. मग ते म्हणाले, ‘गोळी आता उतरवायलाच पाहिजे. उतरवताना दुखण्याला दुसरा आधार लागतो. व्यायाम, बर्फ हे आहेच. शिवाय एक मॅडम आहेत, अॅक्युपंक्चर करतात. आमच्या काही पेशंटना त्या सुयांनी गोळी कमी लागली. काहींना काही फरक पडला नाही. जादू समजू नका. पण करून बघायला हरकत नाही.’

‘सुया?’ मी म्हणालो.

‘केसासारख्या बारीक असतात.’

‘मला सुयांचं काही नाही,’ मी म्हणालो.

बायको खिडकीतून बाहेर जालना रोडची गर्दी बघायला लागली. तिला माहीत आहे, की आमच्या पिशोर गावच्या शाळेत टोचायला लोक आले, की मी मागच्या खिडकीतून उडी टाकून थेट बाजारात, भाजीपाल्याच्या टोपल्यांमागं सापडायचो. हे तिला माझ्या आईनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आई गेली, पण माहिती मागं ठेवून गेली.

सुईवाल्या मॅडम घरी यायला तयार झाल्या. गारखेड्यात आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं माहेर, त्यामुळं त्या स्कूटीवरून येताना आधी आमच्याकडं आणि मग आईकडं जायच्या. मराठी बोलता बोलता दखनीत शिरायच्या, आणि दखनी बोलता बोलता रागवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला आरामखुर्चीत टेकवून बसवलं, पायाखाली स्टूल दिलं आणि पायजमा वर करायला सांगितला. मी डोळे घट्ट मिटले. कागदाचा चर्र आवाज झाला.

‘आई गं!’ मी ओरडलो.

‘क्या हुआ चाचा?’

‘टोचली.’

‘मैं तो अभी पाकिट फाडरी.’

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. खरी सुई लागली तेव्हा मला कळलंच नाही, म्हणून मी ओरडलो नाही, आणि मॅडम म्हणाल्या, ‘देखो, कितने बहादूर हैं.’ मी ते तेवढंच बायकोला मोठ्यानं सांगितलं.

पण डोळे उघडून बघतो तर सुया उजव्या पायात. चांगल्या पायात.

‘मॅडम, पाय चुकला. ऑपरेशन डाव्याचं आहे.’

‘मालूम है. ताज्या जखमेपाशी मी सुई लावत नाही. उजव्या पायाला लावते, हाताला, कानाला आणि एक टाळूवर.’

‘म्हणजे दुखतंय एकाला आणि टोचायचं दुसऱ्याला?’

‘घरात असंच चालतं,’ आतून बायको म्हणाली.

टाळूवरची सुई त्या उभी लावत नसत. कातडीखाली जराशी सरकवून आडवी ठेवत, त्यामुळं ती सहज दिसायचीही नाही. एकदा सगळ्या लागल्या, की त्या बजावायच्या, ‘हलना नक्को. हलले तर मी जबाबदार नाही.’ मग मी बसायचो. नेमकी तेव्हाच नाकावर माशी यायची. माशीला हे कसं कळतं, याचा शोध कुणीतरी लावला पाहिजे. सुई लागली तिथं आधी मुंगी चावल्यासारखं व्हायचं, मग जडसर, मग पाय कुणीतरी वाळूत पुरून ठेवल्यासारखा वाटायचा. दुखणं जायचं असं नाही. दुखणं दारातून उठून अंगणात जाऊन बसायचं. दिसायचं, पण बोलायला येत नव्हतं.

सर्जन सांगत गेले तशी गोळी उतरत गेली. सकाळची आधी अर्धी झाली, मग गेली. रात्रीची गेली, आणि त्याबरोबर कुत्र्याचं आणि माझं पुन्हा पहिल्यासारखं वाकडं आलं. पोटानंही संप मागं घेतला. त्या दिवशी मी बाथरूममधून बाहेर आलो तो हात उंचावूनच. बायकोनं दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

राहिली दुपारची. तिच्याबद्दल सर्जन म्हणाले होते, ‘आता ही लागली तरच घ्या.’ मला ती रोज लागायची. वॉकरशिवाय तर मी खोलीही ओलांडायचो नाही. दुपारचं जेवण झालं, की गुडघा नाही, मीच दुखायला लागायचो. बायको बशीत गोळी आणि पाण्याचा पेला आणून ठेवायची आणि मी ती घेतो का ते बघायची. मी घ्यायचो. ती बशी उचलून न्यायची. मी म्हणायचो, ‘एकच तर राहिली.’ ती म्हणायची, ‘राहिली म्हणजे राहिलीच.’ तिच्या एक्स-रेचं पाकीट कपाटावर होतं, त्यावरची धूळ काही हलेना.

अशात आमचा मेहुणा आला.

आमच्याकडं कुणाचं ऑपरेशन झालं, की भेटायला जावंच लागतं. पेशंटला बरं वाटावं म्हणून नाही. नाही गेलं तर पुढं लग्नाकार्यात तोंड दाखवता येत नाही म्हणून. पिशोरहून आधी एक जीपभर मंडळी येऊन गेली होती. त्यांनी नारळपाणी आणलं, बिस्किटं आणली, आणि माझ्याभोवती बसून अशाच ऑपरेशननंतर कोण कोण कायमचं लंगडं झालं ते एकमेकांना आठवण करून देऊन सांगितलं. जाताना सगळे म्हणाले, ‘तुमी मात्र काळजी करू नका.’

मेहुणा त्या जीपमध्ये नव्हता, त्याची ज्वारी काढायची होती. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. शेती पिशोरलाच. माणूस प्रेमळ, आवाज बैलाला हाक मारण्याच्या मापाचा, आणि अख्ख्या गावात एका गोष्टीसाठी नावाजलेला: काटा काढणं. माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, की लोक त्याच्याकडं जातात. शेळीच्या खुरात मोडला तरी जातात. सांगतात की तो गप्पा मारता मारता काटा काढतो आणि पायवाल्याला पत्ता लागत नाही. शेळीला लागतो का, हे कुणी विचारलेलं नाही.

तो आला त्या दिवशी माझं जेवण झालं होतं, गोळी बशीत होती, आणि मी ती घेण्याआधीच मॅडम येऊन पोचल्या. त्यांनी सुया लावल्या, हलना नक्को म्हणाल्या, आणि बायकोनं त्यांना चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात नेलं. दार आतून लोटून घेतलं. मला वाटलं, चहाला दार कशाला लोटायला लागतं? पण मला सुया होत्या, उठून बघता येत नव्हतं. पंखा चालू होता. डोळा लागला.

जाग आली ती कुणीतरी मोठ्यानं केळं खात असल्याच्या आवाजानं. समोर मेहुणा बसलेला. पुढचं दार उघडं, तो नेहमीसारखा हाक न मारता सरळ आत आलेला. माझ्या डोक्यावर माझीच माकडटोपी. आणि पायावर, हातावर, कानावर काहीच नाही.

‘झोपा दाजी, झोपा. काम झालंय,’ तो म्हणाला.

‘कसलं काम?’

‘काढल्या की समद्या.’

‘काय काढल्या?’

‘सुया! आवो, काय लोक हायेत का कोन? टाके घातले आन सुया आतच ईसरले! आन त्या बी कोणत्या पायात? चांगल्या! म्या आलो, बघतो तं दाजी घोरतेत आन पाय बघावा तं साळिंदर. म्हनलं, तिकडं दवाखान्यात जाऊन भांडन्यापरीस आपनच काढाव्या. तुम्हाला कळलं तरी का?’

‘नाही.’

‘मंग!’ तो म्हणाला, आणि केळ्याचा दुसरा घास घेतला.

त्याची कारागिरी खरी होती. मला खरोखरच कळलं नव्हतं. मी विचारलं, ‘सुया कुठायत?’

त्यानं टेबलाकडं बोट केलं. त्यानं माझ्यासाठी केळ्याचा फणा आणला होता. सुया हरवू नयेत, कुणाच्या पायात जाऊ नयेत, म्हणून त्यानं त्या एकेक करून केळ्यांत खोचून ठेवल्या होत्या. ओळीनं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. मॅडम कप हातात घेऊन आल्या, माझा पाय पाहिला, माझा हात पाहिला, माझा कान पाहिला, आणि मग टेबल.

‘ये क्या है?’

‘केळं,’ मेहुणा म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

‘दादा, काय केलंस हे?’ बायको मागून म्हणाली. मग तिला काय झालं ते कळायला, मॅडमना ते पटायला आणि मेहुण्याला त्या मॅडम डॉक्टर आहेत हे समजायला थोडा वेळ गेला. त्या अवधीत मॅडमची मराठी पूर्ण संपली. ‘कोई ऐसा करता क्या? मरीज कू हात लगाने कू किसने बोला तुमकू? वो इलाज था, इलाज!’

मेहुणा माझ्याकडं वळून हळू म्हणाला, ‘दाजी, ह्या बाई तुमाला सुया टोचत होत्या? मुद्दाम?’

‘व्हय.’

‘आन तुमी टोचू देत होते?’ त्यानं बहिणीकडं असं पाहिलं, जणू आजाराचं नाव आपल्याला कुणी खरं सांगितलंच नाही.

मॅडमचा एक नियम आहे. जेवढ्या सुया लावल्या तेवढ्या मोजून डबीत परत घ्यायच्या, आणि मग त्या टाकून द्यायच्या. त्या केळ्यांतून एकेक सुई काढून मोजायला लागल्या. मोजून झाल्या. पुन्हा मोजल्या. मग आवाज खाली आला.

‘एक कम है.’

 मेहुण्याच्या हातातलं केळं तसंच तोंडाजवळ थांबलं. मग त्यानं ते सावकाश खाली ठेवलं.

‘ताई,’ तो म्हणाला. तो तिच्याहून मोठा आहे आणि तिला कधी ताई म्हणत नाही. ‘म्या हे दुसरं केळं खातोय.’

‘पहिल्यात सुई होती का?’

‘मला वाटतं नव्हती.’

‘वाटतं?’

‘गिळली तं कळतं का वो, मॅडम?’ त्यानं गळ्यावर बोट फिरवलं. ‘हितं जरा खरखरतंय.’

‘साल कुठाय पहिल्या केळ्याचं?’ मी विचारलं.

‘गायीला घातलं. भाईर.’

बायको तशीच गेटकडं गेली. गल्लीतली ती गाय, कुणाच्या मालकीची आहे हे आजवर कळलेलं नाही, ती शांतपणे रवंथ करत उभी होती. बायकोनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, गायीनं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. ‘बरी दिसते!’ बायकोनं तिथूनच ओरडून सांगितलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, ‘कोण बरी दिसते?’

आणि माझ्या अंगात जुना सुपरवायझर संचारला. कारखान्यात नट हरवला तरी मी लाइन थांबवायचो. इथं तर सुई होती. ‘कुणी बसायचं नाही!’ मी जाहीर केलं. ‘दादा, तुम्ही सोफ्याच्या गाद्या उचला. झटकू नका, उचला. मॅडम, तुम्ही फरशी बघा, खिडकीकडून सुरू करा. उजेडाच्या विरुद्ध बघायचं, म्हणजे चमकते.’ बायको परत आली तिला म्हणालो, ‘केळी सोल. सगळी. आणि काट्यानं कुसकर, आत मोडून राहिली असेल तर लागेल.’

तिनं परात घेतली. सगळी केळी सोलून ती काट्यानं कुसकरायला लागली. मेहुणा गादी डोक्यावर धरून उभा. मॅडम ओणव्या होऊन फरशीवर मोबाइलचा उजेड पाडत होत्या आणि दखनीत स्वतःशीच काहीतरी म्हणत होत्या, त्यात माझं नाव दोनदा तरी आलं. मी सोफ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत फिरून कामावर देखरेख करत होतो. दाराच्या पायपुसण्यावर मला शंका होती, म्हणून मी ते वाकून उचललं. त्याखाली सुई नव्हती, आमच्या सुनेचं हरवलेलं कानातलं होतं.

परातीत एव्हाना शिकरणाची तयारी झाली होती. सुई नव्हती.

पंख्याखाली असूनही मला घाम फुटला. आता डॉक्टरकडं नेऊन मेहुण्याच्या पोटाचा फोटो काढावा लागणार, हे सगळ्यांच्या मनात होतं, आणि मेहुणा तर मनातल्या मनात पिशोरला जाऊन शेताची वाटणीही करून आला असावा; कारण तो म्हणाला, ‘ताई, विहिरीवरची मोटर धाकट्याला.’ मी घाम पुसायला डोक्यावरची टोपी ओढली आणि हात टाळूवर फिरवला.

‘आई गं!’

सगळे माझ्याकडं वळले. मॅडम फरशीवरूनच माझ्याकडं बघत राहिल्या. मग दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाल्या, ‘टालू! या खुदा, टालू पे थी!’ टोपीमुळं त्यांच्याही ती ध्यानातून गेली होती.

‘टोपी कुणी घातली?’

‘म्या,’ मेहुणा म्हणाला. गादी अजून डोक्यावरच होती. ‘पंखा चालू व्हता, म्हनलं दाजीच्या डोक्याला वारं लागंल.’

‘मग सुई दिसली नाही?’

‘दिसली की. मला वाटलं, केस हाय. म्हनलं, दाजीला एक आला.’

मॅडम फरशीवर बसल्या त्या बसूनच हसायला लागल्या. मेहुण्यानं गादी खाली ठेवली आणि त्या आनंदात परातीतलं बोटभर केळं चाखून पाहिलं, ‘साखर पायजे’ म्हणाला. मी पण हसत होतो. बायको हसत नव्हती. ती काटा हातात धरून माझ्याकडं बघत उभी होती. आधी माझ्या तोंडाकडं, मग पायांकडं, मग खुर्चीशेजारी, जिथं माझा वॉकर जेवणानंतर ठेवला तिथंच उभा होता.

‘दुपारची गोळी कुठाय?’ तिनं विचारलं.

‘घेतली असेल.’

‘घेतली नाही. बशीत आहे. चहाची वेळसुद्धा टळून गेली.’

मी बशीकडं पाहिलं. गोळी खरंच तिथं होती. मी तिला विसरलो होतो. इतके दिवस जिची वाट बघण्यात माझी अर्धी दुपार जायची, तिला मी एका हरवलेल्या सुईपायी साफ विसरलो होतो.

आता खरं सांगायचं तर तिनं विचारलं आणि त्याच क्षणी गुडघा दुखायला लागला. जणू त्यालाही आत्ताच आठवण झाली. चांगलं दुखत होतं, एवढं फिरल्यावर दुखणारच. बायकोनं बशी उचलली आणि माझ्यासमोर धरली. ‘घ्यायची का?’ तिचा आवाज अगदी साधा होता. त्यात ना टोमणा होता, ना आग्रह. 

मी गुडघ्याला आतल्या आत विचारून बघितलं. दुखत होता, पण गुडघाच दुखत होता. मी दुखत नव्हतो. हा फरक मला तोवर कळला नव्हता.

‘बर्फ दे,’ मी म्हणालो. ‘आणि चहा. गोळी राहू दे.’

तिनं बशी नेली. 

मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, सुया डबीत बंद केल्या आणि निघताना बजावलं, ‘चाचा, आता मोहल्लाभर सांगू नका, की सुयांनी गोळी सोडवली. सुयांनी थोडी, व्यायामानं थोडी. आजची तो तुमच्या साल्यानं.’ नंतर सर्जनना विचारलं तर तेही तसंच म्हणाले: सुयांनी, व्यायामानं, की नुसते दिवस गेले म्हणून, नक्की सांगता येत नाही, गोळी सुटली हे मात्र नक्की. पिशोरला असा कुठलाच घोळ नाही. तिथं मेहुणा छातीवर हात ठेवून सांगतो, की शहरातल्या डॉक्टरनं दाजीच्या अंगात सुया ठेवल्या होत्या, म्या काढल्या आणि दाजी चालायला लागले. आता गुडघे दुखणारी माणसं त्याच्याकडं जातात म्हणे. तो त्यांना पाय वर करायला सांगतो आणि सुया शोधतो. सापडत नाहीत, तर म्हणतो, ‘लई आत गेल्या.’

दुपारची गोळी त्यानंतर एकदोनदा लागली, पाऊस भरून आला त्या दिवशी आणि जिन्याचा व्यायाम अंगात येऊन जास्त केला त्या दिवशी. मग लागली नाही.

सर्जनकडं शेवटच्या तपासणीला गेलो. त्यांनी माझा गुडघा वाकवून बघितला, चालवून बघितलं, ‘उत्तम’ म्हणाले. मी कौतुक ऐकायला खुर्चीत नीट बसलो. तेवढ्यात बायकोनं भाजीच्या पिशवीत हात घातला आणि मेथीच्या जुडीखालून तिच्या एक्स-रेचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते तिनं केव्हा कपाटावरून काढलं, केव्हा पुसलं, मला पत्ता नव्हता. त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लोटून तिनं मॅडमना काय विचारलं असेल तेही मला तेव्हाच कळलं.

‘ठरलं?’ सर्जन म्हणाले.

‘या सुया ऑपरेशननंतर लगेच सुरू करता येतात ना? मॅडमशी बोलले आहे मी.’

‘येतील. पण कडक गोळी सुरुवातीला तुम्हालाही घ्यावी लागेल. त्याची भीती होती ना तुम्हाला?’

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. बराच वेळ. बाजारात वांगं उलटंसुलटं करून बघावं तसं. मी पोट आत घेतलं.

‘होती,’ ती सर्जनना म्हणाली. ‘पण हे शुद्धीवर आलेत. आधी जितके होते तितके. तेवढं पुरे आहे मला.’

सर्जननी एक्स-रे उजेडाला धरला, दोन्ही गुडघे खराब आहेत हे पुन्हा एकदा बघितलं आणि विचारलं, ‘एका वेळी एकच करू. आधी कोणता?’

मला वाटलं, ती मला विचारेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

‘डावा करा,’ ती म्हणाली. ‘उजव्यावर उभी राहून मला यांच्यावर लक्ष ठेवता येईल.’